एकाच सतरंजीवर

दिवाळी सरली की शांती नगरमध्ये नर्सरीच्या प्रवेशांची बोलणी सुरू होतात. मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला सेक्टरांमध्ये विभागलेली ही वसाहत १९८०च्या दशकापासून वाढत गेली. मुंबईत घर परवडेना म्हणून इथवर आलेली मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी भाषक आणि दक्षिणेकडची कुटुंबं एकेका जिन्यावर शेजारी झाली. इथल्या कितीतरी नर्सऱ्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भरतात. पालक फी विचारतात, वर्गात इंग्रजी बोलतात का ते विचारतात, कॅमेरे आहेत का ते बघतात. एखाद्या वर्गात कानाचं मशीन लावलेलं, चालताना तोल जाणारं किंवा कुणाच्या नजरेला नजर न देणारं मूल दिसलं, तर आणखी एक प्रश्न येतो, तो मात्र आवाज खाली करून: त्याच्यामुळे आमच्या मुलाकडे दुर्लक्ष तर होणार नाही ना?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईवडिलांना निर्दय ठरवून गप्प करणं सोपं आहे, पण त्यामुळे प्रश्न मिटत नाही. तो रास्त प्रश्न आहे आणि त्यावर जगभरात पन्नासेक वर्षं संशोधन झालं आहे. ते बहुतेक अमेरिका-युरोपातलं आहे; भारतात मोजमाप करून झालेलं काम फार थोडं. तरीही हाती आहे त्यातून उत्तराची दिशा स्पष्ट दिसते.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. आपण असं धरून चालतो की वर्गात सगळी सर्वसाधारण वाढीची मुलं असतात आणि त्यात एखादं 'स्पेशल' मूल बाहेरून आणून बसवायचं असतं. भारतातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांची तपासणी करणारा एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्या पाच ठिकाणांत उत्तर गोवाही होता. दृष्टी, श्रवण, हालचाल, बुद्धी, भाषा, ऑटिझम, फिट्स अशा मेंदूच्या वाढीशी निगडित अडचणींपैकी किमान एक अडचण सहा वर्षांखालच्या ९.२ टक्के मुलांमध्ये आढळली. सहा ते नऊ वयोगटात हे प्रमाण १३.६ टक्के होतं. म्हणजे पंचवीस मुलांच्या वर्गात सरासरीने अशी दोन मुलं आधीच बसलेली असतात. त्यांच्यातल्या कित्येकांचं निदान झालेलं नसतं. 'मस्तीखोर आहे', 'उशिरा बोलेल, त्याचे बाबाही उशिरा बोलले होते', एवढ्यावर घर समाधान मानतं. वर्ग मिश्र असावा की नसावा हे ठरवायची वेळ आपल्यावर कधी येतच नाही. तो मिश्र आहे हे ओळखून चालवायचा की न ओळखता, एवढंच आपल्या हाती असतं.

आता पालकांच्या भीतीकडे येऊ. पहिली भीती अभ्यासाची. ब्रिटनमधल्या कलाम्बुका, फॅरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली २६ अभ्यास एकत्र तपासले. विशेष गरजांची मुलं वर्गात असल्याने इतर मुलांच्या प्रगतीवर काय परिणाम होतो, हा त्यांचा नेमका प्रश्न होता. ८१ टक्के निष्कर्षांत परिणाम चांगला होता किंवा काहीच नव्हता. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, पोलंडच्या ग्झेगोश शुम्स्की आणि सहकाऱ्यांनी ४७ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली. त्यात जवळपास ४८ लाख विद्यार्थी आले. समावेशक वर्गातल्या सर्वसाधारण मुलांची शैक्षणिक कामगिरी किंचित सरस निघाली. किंचितच. कुणी तुम्हाला समावेशक वर्गात मूल हुशार होतं असं सांगितलं, तर ते या आकड्यांतून निघत नाही. नुकसान होत नाही, एवढं मात्र निघतं. हे अभ्यास बहुतांश शालेय वयाचे आहेत, हेही लक्षात ठेवायला हवं.

खास बालवर्गांबद्दलचा २०१४ चा एक अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. लॉरा जस्टिस आणि सहकाऱ्यांनी ८३ वर्गांतल्या मुलांची भाषा वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासली. या वर्गांत साधारण निम्मी मुलं दिव्यांग होती. वर्गमित्रांची भाषा चांगली असेल, तर त्याचा सर्वात जास्त लाभ भाषेत मागे असलेल्या मुलांना झाला. उलट ज्यांची भाषा मुळातच चांगली होती, त्यांच्यावर शेजारच्याच्या भाषेचा फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे घेणाऱ्याला पुष्कळ मिळालं आणि देणाऱ्याचं कमी झालं नाही.

पण सगळे निष्कर्ष एका सुरात नाहीत. अमेरिकेत जेसन फ्लेचर यांच्या २०१० च्या अभ्यासात असं दिसलं, की गंभीर भावनिक अडचणी असलेलं मूल वर्गात असताना पहिलीतल्या इतर मुलांचे वाचन-गणिताचे गुण थोडे खाली आले. हा निष्कर्ष लपवू नये. ज्या वर्गात एक मूल रोज आरडाओरडा करतं, फेकाफेक करतं आणि शिक्षिका एकटी पडते, तिथे सगळ्यांचाच दिवस वाया जातो, हे कुठल्याही बाई सांगतील. माझं वाचन असं, की हा पुरावा मुलाला बाहेर काढण्याच्या बाजूने जात नाही. तो दुसरी मदतनीस ठेवण्याच्या बाजूने जातो. त्याला बाहेर काढलं तरी निदान न झालेलं दुसरं मूल आत असणारच आहे.

दुसरी भीती अनुकरणाची. 'त्याचं बघून आमचाही हात हलवायला लागला तर?' दोनचार दिवस हलवेलही. तीन वर्षांचं मूल मांजराचंही अनुकरण करतं. पण लहान मुलं सरसकट कुणाचंही बघून शिकत नाहीत. ज्याला ते काम जमतंय असं त्यांना वाटतं, त्याच्याकडून शिकण्याकडे त्यांचा कल असतो, हे बालमानसशास्त्रातल्या पुष्कळ प्रयोगांतून दिसलं आहे.

आता लाभाची बाजू. तो परीक्षेच्या गुणांत फार दिसत नाही. दिसतो तो मुलांच्या समजुतीत, बोलण्यात आणि वागण्यात. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात कॅरेन डायमंड यांनी वर्षानुवर्षं बालवर्गातल्या मुलांशी बोलून, त्यांच्या खेळाचं निरीक्षण करून हे काम केलं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला वेगळेपण दिसतं, आणि ते त्याचं स्पष्टीकरण आपल्या आपण तयार करतं. न बोलणारं मूल 'अजून बाळ आहे'. व्हीलचेअरवरच्या मुलाचा 'पाय मोडलाय, मग बरा होईल'. मोठ्या माणसांनी 'श्श, असं बघू नये' म्हणत हाताला धरून पुढे ओढलं, तर ते स्पष्टीकरण तसंच राहतं आणि त्याच्यावर भीतीचा थर बसतो. डायमंड आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली समावेशक आणि सर्वसाधारण वर्गांची तुलना केली, तेव्हा समावेशक वर्गातल्या मुलांना अपंगत्वाबद्दल जास्त नेमकी माहिती होती आणि त्यांचा स्वीकारही जास्त होता. त्यांनी नैतिक धडे घेतले नव्हते. रोज शेजारी बसणाऱ्या मुलाबद्दल त्यांनी प्रश्न विचारले होते आणि त्यांना उत्तरं मिळाली होती, इतकंच.

याच डायमंड यांनी सू-यंग हाँग यांच्याबरोबर २०१० मध्ये मुलांना विचारलं, की अमुक खेळात तुम्ही कुणाला घ्याल? शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलाला घ्यायचं की नाही, हे खेळ कोणता आहे यावर पुष्कळ अवलंबून होतं. पळण्या-उड्या मारण्याचा खेळ असेल, तर ते मूल मागे पडलं. बसून खेळायचा असेल, तर सहज घेतलं गेलं. बाईंच्या दृष्टीने या निष्कर्षाला फार किंमत आहे. मुलं मनाने कोती नसतात. खेळ कसा मांडला आहे, यावर ती ठरवतात. भातुकली, ठोकळे, मातीकाम, गाण्याच्या तालावर हातवारे हे दिवसाच्या मध्यावर आले आणि पकडापकडी शेवटी गेली, तर त्याच वर्गातली मैत्रीची गणितं बदलतात.

भाषेबद्दलचा एक जुना धागा इथे जोडावासा वाटतो. १९७३ साली मॅरिलिन शॅट्झ आणि रोशेल गेलमन यांनी दाखवलं, की चार वर्षांचं मूल दोन वर्षांच्या मुलाशी बोलताना आपली वाक्यं लहान आणि सोपी करतं. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. चारच वर्षांनी मायकेल गुराल्निक आणि डायन पॉल-ब्राउन यांना समावेशक बालवर्गात हेच आढळलं: वाढ मागे असलेल्या सोबत्याशी बोलताना मुलं त्याच्या आकलनाप्रमाणे आपलं बोलणं बदलत होती. शांती नगरच्या मुलांना हे नवं नाही. घरी मराठी किंवा गुजराती, खाली सोसायटीच्या आवारात हिंदी, वर्गात इंग्रजी, अशी समोरच्याप्रमाणे जीभ वळवण्याची सवय त्यांना तिसऱ्या वर्षापासून लागते. समोरच्याला कळलं का हे बघायचं, नाही कळलं तर दुसऱ्या तऱ्हेने सांगायचं, बोट दाखवायचं, थांबायचं, हे ज्याला जमतं तो पुढे चांगला बोलणारा आणि चांगला समजावून सांगणारा होतो, असं मला ठामपणे वाटतं. ऐकायला कमी येणारा सोबती त्याच्याकडून हेच रोज करवून घेतो.

आणखी एक लाभ आहे, त्याची नोंद क्वचितच होते. समावेशक वर्गासाठी बाईंना काही गोष्टी कराव्याच लागतात: दिवसाचा क्रम चित्रांत भिंतीवर लावायचा, सूचना एका वेळी एकच द्यायची, गाण्याबरोबर खुणा करायच्या, गोंगाट सहन न होणाऱ्या मुलासाठी एक शांत कोपरा ठेवायचा. हे सगळं एका मुलासाठी सुरू होतं. पण इंग्रजी माध्यमाच्या वर्गात पहिल्यांदाच इंग्रजी ऐकणाऱ्या मुलाला चित्रांच्या त्या पट्टीचा तितकाच आधार मिळतो. आईला सोडून आलेलं, पहिल्या महिन्यात रडणारं मूल त्याच कोपऱ्यात जाऊन बसतं. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत तीन वर्षांच्या मुलांना रेघा गिरवायला आणि स्पेलिंगं पाठ करायला बसवण्याचा जो सोस आहे, त्यावर मला दिसलेला सर्वात परिणामकारक उतारा हाच आहे. एका मुलासाठी वर्गाला खेळाकडे वळावं लागतं आणि मग सगळाच वर्ग वळतो.

हे लाभ आपोआप मात्र होत नाहीत, आणि या संशोधनातला हा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. पॅडी फवाझा आणि सॅम्युएल ओडम यांनी १९९७ साली बालवर्गातल्या मुलांचे तीन गट केले. एका गटाचा दिव्यांग मुलांशी काहीच संबंध नव्हता. दुसऱ्यात मुलं येता-जाता एकमेकांना दिसत होती. तिसऱ्यात गोष्टी, त्यावर चर्चा, मांडून दिलेले खेळ आणि घरी पालकांबरोबर वाचन होतं. दृष्टिकोन बदलला तो तिसऱ्या गटाचा. नुसतं दिसण्याने फरक पडला नाही. २००६ मध्ये ओडम आणि सहकाऱ्यांनी समावेशक वर्गांतल्या दिव्यांग मुलांचं निरीक्षण केलं, तेव्हा काही मुलं वर्गात छान रुळलेली होती आणि जवळपास तितक्याच मुलांना सोबत्यांनी नाकारलेलं होतं. म्हणजे वर्ग समावेशक आहे असं फलकावर लिहूनही एखादं मूल दिवसभर एकटं बसू शकतं. मग शेजारच्या मुलाला तरी त्यातून काय मिळणार? कदाचित चुकीचाच धडा मिळेल, की अशी मुलं एकटीच असतात.

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहांवरच्या आपल्या पुस्तकात सांगितलं होतं, की दोन गटांनी नुसतं जवळ येऊन भागत नाही. दर्जा समान हवा, काम एकत्र करण्याचं हवं आणि वरच्या अधिकाऱ्यांचा पाठिंबा हवा. २००६ मध्ये पेटिग्र्यू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास तपासले, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह कमी होतात आणि या अटी पाळल्या तर जास्त कमी होतात, असं दिसलं. बालवर्गात याचा अर्थ साधा आहे. ठोकळ्यांचा पूल दोघांनी मिळून बांधायचा. डबे वाटण्याची पाळी दिव्यांग मुलालाही मिळायची. आणि बाईंनी 'बिचारा' हा शब्द तोंडून काढायचा नाही.

पेनसिल्व्हेनियात १९८१ च्या सुमारास फिलिप स्ट्रेन यांनी सुरू केलेल्या लीप या कार्यक्रमात सर्वसाधारण मुलांनाच शिकवलं जातं: ऑटिझम असलेल्या मित्राचं लक्ष कसं वेधायचं, खेळणं पुढे करून वाट कशी बघायची, त्याने हात झटकला तर पुन्हा कसं बोलवायचं. २९४ मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, तेव्हा शिक्षकांना पूर्ण प्रशिक्षण मिळालेल्या वर्गांतली ऑटिझमची मुलं बरीच पुढे गेली होती. शिक्षकांना नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्या वर्गांत तसं झालं नाही. आपल्याकडे एका दिवसाची कार्यशाळा घेऊन प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याची रीत आहे, म्हणून हा फरक मुद्दाम सांगितला.

मुंबई आणि आसपासच्या नर्सऱ्यांत हल्ली शॅडो टीचर, म्हणजे एकाच मुलासोबत बसणारी मदतनीस, ठेवतात. तिचा पगार बहुधा त्या मुलाचे आईवडीलच देतात. काही मुलांना तिची खरोखर गरज असते. पण मायकेल जियानग्रेको यांनी १९९७ मध्येच दाखवून दिलं होतं, की मोठं माणूस मुलाला सतत चिकटून राहिलं, तर इतर मुलं त्याच्याजवळ येत नाहीत. ती ताई वर्गाची हवी, एका मुलाची नको. ती दोन पावलं मागे सरकली की जागा मोकळी होते, आणि त्या जागेत दुसरं मूल येऊन बसतं. याच्या उलट बाजूची चूकही होते: एखाद्या समंजस मुलीला कायमची मदतनीस करून टाकतात. तिला शाबासकी मिळते, पण तिचं खेळणं जातं आणि मैत्री एकतर्फी होते. आणि दिव्यांग मूल वर्गात असतं ते इतरांना माया शिकवण्यासाठी नसतं. ते तिथे असतं कारण ते त्या वयाचं मूल आहे आणि त्या सेक्टरात राहतं. इतरांचा लाभ शून्य निघाला असता तरी त्याची जागा तिथेच होती.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. शांती नगर ज्या जुन्या ठाणे जिल्ह्यात मोडतं, त्याच जिल्ह्याच्या उत्तरेला बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. आता तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. वारल्यांची मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी कुरणातच शाळा नेली. अंगणात भरणाऱ्या बालवाडीची कल्पनाही इथेच रुजली. मूल शाळेत बसत नसेल तर शाळा बदलायची, हा विचार त्यांनी जात आणि गरिबीने दूर ठेवलेल्या मुलांसाठी राबवला. दिव्यांग मुलांपर्यंत तो पोचायला आणखी पुष्कळ वर्षं गेली.

तो पोचवण्यात डॉ. मिठू अलूर यांचा वाटा मोठा आहे. मुलगी मालिनी चिब हिच्या सेरेब्रल पाल्सीमुळे त्या या कामात आल्या आणि १९७२ साली मुंबईत त्यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. पंचवीस वर्षं विशेष शाळा उत्तम चालवल्यावर त्यांनी स्वतःच विचारलं, की आपण किती मुलांपर्यंत पोचलो? एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तिच्या पहिल्या प्रकल्पांत धारावी होती. पण देशभरच्या लाखो अंगणवाड्यांत दिव्यांग मुलं जवळजवळ नव्हतीच. कुठल्याही नियमाने मनाई केलेली नसताना ती बाहेर कशी राहिली, हाच अलूर यांच्या लंडन विद्यापीठातल्या संशोधनाचा विषय होता. नंतर त्यांच्या संस्थेने धारावीत अंगणवाडी सेविकांना आणि वस्तीतल्या बायकांना प्रशिक्षण देऊन समावेशक बालवाड्यांचं काम केलं. दहा बाय दहाच्या खोल्या, तुटपुंजी साधनं, आणि तरीही दिव्यांग मुलं इतरांबरोबर बसली. जागा नाही, पैसे नाहीत, हे कारण त्यानंतर मला पटेनासं झालं.

कायद्यात मात्र नेमकी याच वयाची फट आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांसाठी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आले, समावेशक शिक्षणाची व्याख्या आली. पण मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षांचाच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही पायाभूत अवस्था मानली. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने अंगणवाड्यांसाठी दिव्यांग मुलांबाबतची कार्यपद्धती जाहीर केली, ही चांगली सुरुवात आहे. परंतु फ्लॅटमधल्या खासगी नर्सरीला ती लागू नाही, आणि शांती नगरची बहुसंख्य मुलं तिथेच जातात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साहाय्याने युनेस्कोने २०१९ मध्ये काढलेल्या अहवालाप्रमाणे देशातली पाच वर्षांची तीन चतुर्थांश दिव्यांग मुलं कुठल्याच शाळेत जात नाहीत. ती घरी असतात, म्हणून इतर मुलांनाही भेटत नाहीत.

तेव्हा प्रवेशाच्या वेळी कुजबुजत विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाऐवजी पालकांनी मोठ्याने विचारावेत असे दुसरे प्रश्न आहेत. वर्गात मुलं किती आणि मोठी माणसं किती? एखादं मूल बोलत नसेल तर बाई काय करतात? थेरपिस्ट वर्गात येऊन बघतात का? मोकळ्या खेळाला दिवसात किती वेळ? यांची उत्तरं चांगली असतील, तर तुमच्या मुलाची चिंता नको, त्याच्या शेजारी कोण बसलं आहे याने फरक पडत नाही. उत्तरं वाईट असतील, तर शेजारी कुणीही नसलं तरी तो वर्ग तुमच्या मुलासाठी बरा नाही.

आणि सोसायट्यांच्या हाती एक गोष्ट आत्ता आहे. शांती नगरच्या जुन्या इमारतींना आता तीस-चाळीस वर्षं होत आली, पुनर्विकासाच्या बैठका होत आहेत. पार्किंग, कार्पेट एरिया, कॉर्पस फंड यांच्यावर तासन्‌तास चर्चा होते. तळमजल्यावर बालवाडीसाठी एक खोली, दारात पायरीऐवजी उतार, व्हीलचेअर वळेल एवढं स्वच्छतागृह, हे आराखड्यात आता मागितलं तर बिल्डरला द्यायला जड नाही. इमारत उभी राहिल्यावर तेच मागायचं म्हटलं, तर भिंत फोडावी लागते, आणि त्यासाठी सर्वसाधारण सभेत पुरेसे हात कधी वर होत नाहीत.